उदगीर, अंबाजोगाई, औसा

खादरसर तीस आणि चाळीस मिळवून पन्नास म्हणायचे आणि सत्तर म्हणणाऱ्याला वर्गाबाहेर काढायचे. लातूरसारख्या बाजारपेठेच्या गावात हे धाडसाचंच काम होतं. डाळ मिलवाल्यांची पोरं पहिल्याच दिवशी घरी जाऊन सांगत, की फिजिक्सच्या सरांना बेरीज येत नाही. एक बाप तर तावातावाने क्लासवर आला. सरांनी त्यालाही बाकावर बसवलं, आणि अर्ध्या तासाने तो "होतात बुवा पन्नास" असं पुटपुटत, आला होता त्यापेक्षा जास्त हैराण होऊन बाहेर पडला.

मी त्याच क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचो. त्या दिवसांत लातुरात कुणाची गच्ची रिकामी दिसली, की महिन्याभरात तिच्यावर पत्रे चढत, पत्र्यांखाली बाकं येत आणि बाकांवर पार नांदेडपासूनची पोरं येऊन बसत. आईबाप पोराला ट्रंक, गादी आणि लोणच्याच्या बरणीसकट आणून सोडत आणि "डॉक्टर करूनच परत द्या" म्हणून हात जोडत. आम्ही मास्तर मंडळी मान डोलवत असू. मान डोलवण्यात मी सगळ्या क्लासमध्ये पहिला होतो. ही माहिती पुढे लागणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.

खादरसर मूळचे अहमदपूरचे. वडिलांचं मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींची तार नव्याने गुंडाळून द्यायचं, दुकान होतं. "पुस्तकात कॉइल वाचली त्याच्या धा वरसं आधी मी ती गुंडाळली," असं ते सांगत, आणि सांगताना त्यांची बोटं हवेत तार गुंडाळायला लागत. त्यांच्या खिशाला पेन कधीच नसे, टेस्टर असे. मस्टरवर सही करायला ते रोज माझं पेन मागत आणि रोज परत द्यायला विसरत. कुणाच्याही खोलीत गेले की बसायच्या आधी भिंतीवरच्या बोर्डाला, पंख्याला, कूलरला टेस्टर लावून बघत. आमच्या क्लासचे मालक, ज्यांना आम्ही डायरेक्टरसाहेब म्हणत असू, त्यांच्या नव्या केबिनचं उद्घाटन झालं तेव्हा सगळ्यांनी हार आणले होते. सरांनी टेस्टर आणला. पेढा तोंडात असतानाच त्यांनी जाहीर केलं, "साहेब, कूलरच्या अंगात करंट उतरलाय. अर्थिंगच न्हाई केलं तुमच्या खोलीला." डायरेक्टरसाहेब हसले, पण त्या दिवसापासून सर त्यांच्या मनातून उतरले ते उतरलेच. कूलरला मात्र त्यांनी पुन्हा कधी स्वतः हात लावला नाही.

सरांचे तीन प्रश्न ठरलेले होते. "कोण पुढं? कोण मागं? आन् कितीनं?" फेज डिफरन्स म्हणजे काय, असं कुणी विचारलं की एवढंच उत्तर. व्होल्टेज आणि करंट दोघे एकाच वाटेने निघतात, पण बरोबर चालत नाहीत. वाटेत कॉइल असली तर करंटला उशीर होतो, कंडेन्सर असला तर तो व्होल्टेजच्या पुढे निघतो, नुसता रेझिस्टन्स असला तर दोघे हातात हात घालून चालतात. एवढंच सांगून सर थांबले असते तर बरं झालं असतं. पण ते वरातीत उभे राहूनही घड्याळ बघत आणि मुलीच्या बापाला सांगत, "बँड पुढं, नवरदेव मागं, सात मिनिटांनी." स्टाफच्या मीटिंगला डायरेक्टरसाहेब नेहमी उशिरा येत. ते आत शिरले की सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "साहेब मागं. चाळीस मिनिटांनी. कॉइल मोठी दिसायलीय." आम्ही हसू दाबण्यासाठी वह्यांत तोंड घालत असू.

ढ पोरांसाठी त्यांच्याकडे एक वेगळं वाक्य होतं. कुणी टेस्टमध्ये आपटला आणि रडकुंडीला आला, की सर त्याच्या पाठीवर खडूचा हात मारत. "घाबरू नको रे. ह्या सर्किटात नव्वदच्या पुढं कुणीच मागं पडत न्हाई." नव्वद अंशांपेक्षा जास्त फरक पडूच शकत नाही, हे गणिताने खरं आहे. पोराचं त्यातून काय समाधान व्हायचं देव जाणे, पण शर्टावर खडूचा पंजा घेऊन तो निमूटपणे जागेवर जाऊन बसायचा.

आता तीस आणि चाळीसचे पन्नास कसे होत, ते सांगतो. सर पोरांना सकाळी गच्चीवर नेत आणि म्हणत, "आपण लातुरात हुबं हाव. उदगीर कुठं?" पूर्वेला. तो रस्ता रेझिस्टन्सचा. "अंबाजोगाई?" उत्तरेला. तो कॉइलचा. "औसा?" दक्षिणेला. तो कंडेन्सरचा. मग एका पोराला उदगीरच्या दिशेने चाळीस पावलं चालायला लावत. तिथून अंबाजोगाईकडे पन्नास, तिथून वळवून औशाकडे वीस. पोरगं घामाघूम होऊन टाकीपाशी पोचे. "आता सांग, निघाला तिथनं किती लांब आलास?" एकशे दहा पावलं चाललेलं ते पोरगं एकशे दहाच म्हणणार. मग सर सुतळी ताणत. पन्नास पावलं. अंबाजोगाई आणि औसा एकमेकांच्या उलट, म्हणून पन्नासातून वीस गेले, राहिले तीस. हे तीस चाळीसच्या सरळ रेषेत नाहीत, काटकोनात आहेत, म्हणून सुतळी पन्नास. सुतळी उदगीरच्या रस्त्यापासून जेवढी वळली तेवढा फेज डिफरन्स; अंबाजोगाईकडे वळली तर करंट मागे, औशाकडे वळली तर पुढे. कोनमापक लावला की सदतीस अंश. पोरं त्यांना मागून कंडक्टर म्हणत, कारण दिवसभर ते गावांचीच नावं पुकारत असत.

एकदा चाचणीत एका पठ्ठ्याने उत्तर लिहिलं, 'हे सर्किट औसाप्रधान असल्यामुळे करंट पुढे आहे.' तो पेपर सरांनी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग माझ्याच पेनाने त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले. डायरेक्टरसाहेब म्हणाले, "अहो सर, बोर्डाच्या पेपरात यानं असं लिहिलं तर?" सर म्हणाले, "बोर्डवाल्याला औसा ठाऊक नसंल तर त्यानं नकाशा बघावा. पोराची दिशा बराबर हाय." डायरेक्टरसाहेबांना विनोद कळला नाही, पण गावांची नावं पोरांच्या डोक्यात घट्ट बसतात एवढं बरोबर कळलं. त्यांनी लगेच फलक रंगवून घेतला: 'खादरसरांची तीन गावांची युक्ती! फेज डिफरन्स एका दिवसात!' सर तीन आठवडे घेत, ते एका दिवसावर आलं. सर चार दिवस भांडले, पाचव्या दिवशी गप्प बसले. फलकावर आपलं नाव बघून कोणता मास्तर पूर्ण विरघळत नाही? तेही थोडे विरघळलेच.

मग भूकंप झाला.

त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. सरांची थोरली बहीण, जिला ते आपा म्हणत, औशाच्या पुढच्या एका गावात दिलेली होती. सर तिकडे गेले ते बारा दिवसांनी परत आले. दाढी वाढलेली, खिशात टेस्टर नव्हता. आपा गेल्या होत्या. त्यांचा एक मुलगा तेवढा वाचला होता. आम्ही सगळे भेटायला गेलो आणि पावसापाण्याचं बोलून परत आलो. मला त्याची आजही लाज वाटते.

डायरेक्टरसाहेबांनी तेराव्या दिवशी क्लास सुरू केला. वेळापत्रकात लिहिलं होतं, 'आल्टरनेटिंग करंट: आज.' बॅच नवी होती, तीन गावांचा धडा त्यांना नवा होता. माझा पुढचा तास होता म्हणून मी दारात उभा होतो. सरांच्या हातात पंख्यातून काढलेला कंडेन्सर होता, म्हणून त्यांनी त्या दिवशी कंडेन्सरपासूनच सुरुवात केली. फळ्यावर मधोमध लातूरचा ठिपका काढला, उदगीरचा बाण काढला. मग खडू ठिपक्यापासून खाली निघाला, म्हणजे औशाकडे, आणि बोटभर जाऊन थांबला. खडू परत वर आला. सरांनी बाण वर काढला आणि म्हणाले, "कंडेन्सर. अंबाजोगाई." मग पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात खडू दिला. "कॉइल तू काढ." ती मुलगी शिरूर अनंतपाळची, अक्षर मोत्यासारखं. उरलेली दिशा एकच होती. तिने कॉइलचा बाण खाली काढला आणि जागेवर जाऊन वहीतही तसाच उतरवला.

एकशेवीस पोरांनी तो उतरवून घेतला. प्रत्येकाच्या दप्तरात पुस्तक होतं, एकानेही उघडलं नाही. लातूरच्या क्लासमधलं पोरगं फळा बघतं, पुस्तक बघायला त्याला वेळ नसतो. मी मात्र दर वर्षी तो धडा दारातून ऐकलेला माणूस. मला लगेच कळलं, की सगळं उलटं झालंय. मनात म्हटलं, आज राहू दे, सरांचा आजचा दिवस वाईट आहे, उद्या सांगू. आणि दुसऱ्या दिवशी मी विसरलो. खरं म्हणजे विसरलो नाही, टाळलं.

पुढच्या महिन्यात डायरेक्टरसाहेबांनी त्या मुलीची वही घेऊन तिची पुस्तिका छापायला टाकली. मुद्रितं तपासायला माझ्याकडे आली, कारण माझं मराठी चांगलं! मी इकार-उकार दुरुस्त केले. फळ्याचं चित्र असलेल्या पानावर मी थोडा थांबलो, आणि सरांनी बघितलंच असेल असं स्वतःला सांगून पान उलटलं. पुस्तिका लातुरात गेली आणि तोपर्यंत उघडलेल्या आमच्या नांदेडच्या शाखेतही गेली.

गंमत अशी, की कॉइल आणि कंडेन्सर यांची दिशा बदलली तरी आकडे बदलत नाहीत. पन्नासातून वीस काढा नाहीतर विसातून पन्नास, सुतळी तेवढीच ताणते आणि कोन सदतीसच येतो. फक्त कोण पुढं आणि कोण मागं, एवढंच उलटं होतं. पोरांची गणितं बरोबर येत राहिली. चार महिने कुणाला पत्ता लागला नाही.

पत्ता लागला तो नांदेडला. सर दर रविवारी एसटीने तिकडे जात, मीही बरोबर असे. एका चाचणीत त्यांनी मुद्दाम आकडे न देता विचारलं: नुसती कॉइल आहे, कोण पुढं? साठ पेपरांत साठ वेळा उत्तर आलं, 'करंट पुढे.' सर वर्गात जाऊन असे काही ओरडले की शेजारच्या दुकानातला माणूस बघायला आला. मग एका पोराने घाबरत घाबरत पुस्तिका पुढे केली. सरांनी ते पान बघितलं. मुलीने कोपऱ्यात त्या दिवसाची तारीखसुद्धा व्यवस्थित लिहिली होती. ती बघून सर खुर्चीत बसले आणि पोरांना म्हणाले, "माझं चुकलं. बसा."

त्यांनी डायरेक्टरसाहेबांना सांगितलं, की सगळ्या पुस्तिका परत मागवा. साहेब म्हणाले, परीक्षा तोंडावर आली आहे, आता उलटं सांगितलं तर पोरं गोंधळतील, आणि क्लासच्या इज्जतीचं काय? "अन् उत्तर तर बरोबर येतंय ना?" सर अडून बसले. तेव्हा साहेबांनी तोडगा काढला. पालक मेळाव्यात सांगून टाकू, की त्या मुलीनं वहीत चुकीचं उतरवलं होतं. पोरगी आहे, लोक दोन दिवस बोलतील, मग विसरतील. तुमचं नाव राहील, क्लासचंही राहील.

सर थेट माझ्याकडे आले. स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नव्हतं. ते मला नावाने कधी हाक मारत नसत. म्हणाले, "केमिस्ट्रीवाले, त्या दिवशी तुम्ही दारात हुबं होता ना? त्या लेकरानं फळ्यावरचंच लिवलं, एवढं साहेबाला सांगा. माझं एकट्याचं ते मानंनात. म्हणतेत, तुमचं डोकं त्या दिवशी जाग्यावर नव्हतं, तुम्हाला काय आठवतंय."

मी म्हणालो, "मला नीट आठवत नाही, सर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, सकाळी मस्टरसाठी नेलेलं माझं पेन माझ्या खिशाला लावलं आणि निघून गेले. पेन परत मिळण्याची ती पहिलीच वेळ.

मेळावा नांदेडच्या एका मंगल कार्यालयात होता. स्टेजवर मागच्या रांगेत मीही होतो. ती मुलगी आणि तिचे वडील लातूरहून मुद्दाम बोलावून आणले होते आणि कशासाठी ते त्यांना सांगितलं नव्हतं. वडिलांनी ठेवणीतला फेटा बांधला होता. त्यांना वाटत होतं, मुलीचा सत्कार आहे. डायरेक्टरसाहेब बोलायला उठणार, तेवढ्यात सरांनी माइक हातात घेतला.

"पोरांनो, हुबं ऱ्हा. आपण लातुरात हाव. उदगीरकडं तोंड करा."

नांदेडच्या सगळ्या बॅचची मिळून चारशे पोरं उभी राहिली. नांदेडात पूर्व कुठे ते कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे निम्मी पोरं भटारखान्याकडे तोंड करून उभी राहिली. सरांनी हाताने सगळ्यांना वळवलं.

"डावा हात अंबाजोगाई. उजवा हात औसा. कॉइल कुठं? पुस्तिकेत छापलंय औशाकडं. ते चूक हाय. कॉइल अंबाजोगाईकडं, कंडेन्सर औशाकडं. कॉइल असली की करंट मागं."

सभागृहात गलका सुरू झाला. डायरेक्टरसाहेब पुढे सरकून म्हणाले, "वही उतरवताना त्या मुलीकडून..."

"न्हाई," सर म्हणाले. "ह्या लेकरानं फळ्यावरचं लिवलं. फळ्यावर मी चुकलो. त्या दिवशी माझा हात औशाकडं जाईना. आपा तिकडं गेलती. ते दुख माझं हाय. त्यात कॉइलची काय चूक? आन् ह्या लेकराची काय चूक?"

इथे माइक बंद पडला. तो कसा बंद पडला हे कळायला टेस्टरची गरज नव्हती. सर बिनमाइकचे बोलत राहिले: उदगीर, अंबाजोगाई, औसा. औसा म्हणताना उजवा हात पूर्ण लांब करत होते. तीनदा म्हणाले, तिन्ही वेळा पोरांनी हात लांब केले. शेवटी मधल्या रांगेतून एक बाप उठला आणि त्याने काळजीने विचारलं, "सर, ते समदं ठीक हाय. पण परीक्षेत काय लिवायचं? खरं का ह्या पुस्तिकेतलं?"

सर म्हणाले, "खरं."

"मार्क कशाला हायत पण?" बापाने विचारलं, आणि पुष्कळ पालकांनी माना डोलवल्या.

मेळावा तिथेच संपला. फेटेवाले वडील मुलीला घेऊन स्टेजपाशी आले आणि सरांच्या पाया पडायला वाकले, तेव्हा सर मागे सरले. डायरेक्टरसाहेबांनी जीप काढली, मला बस म्हणाले. मी बसलो. सर एसटी स्टँडच्या दिशेने चालत जाताना दिसले. ते अहमदपूरला वडिलांच्या दुकानावर परत गेले आणि आठवड्यात फलकावरचं त्यांचं नाव रंगाने झाकलं गेलं. पुढच्या वर्षी पुस्तिका दुरुस्त होऊन निघाली, बाण जागच्या जागी होते आणि नाव होतं 'आमच्या क्लासची तीन गावांची युक्ती'. तिचीही मुद्रितं मीच तपासली.

त्यानंतर सरांना मी एकदाच बघितलं. लातूरहून नांदेडला जाताना आमची गाडी अहमदपूरच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबली. मी चहा घ्यायला उतरलो. शेजारच्या फलाटावर 'लातूर मार्गे औसा' पाटीची गाडी उभी होती, आणि खिडकीशी सर बसले होते. दाढी पांढरी झालेली, खिशात टेस्टर, मांडीवर गोणपाटात गुंडाळलेली पाण्याची मोटार.

"या, केमिस्ट्रीवाले," ते म्हणाले, जसं काही कालच भेटलो होतो. "आपाच्या लेकाची मोटार जळालती. गुंडाळून दिली. नेऊन बसवतो."

मी खिडकीखाली उभा राहिलो. त्यांची तब्येत विचारली, दुकानाचं विचारलं. ड्रायव्हर चढला, इंजिन सुरू झालं, आणि मग एकदम माझ्या तोंडून निघालं, "सर, त्या दिवशी मी दारात होतो. मी सगळं बघितलं होतं."

"ठाऊक हाय," सर म्हणाले. मोटारीवरून हात काढून त्यांनी कानामागे धरला, कारण इंजिनाचा आवाज फार होता. "कितीनं मागं?"

मी हिशेब केला. "अकरा वर्षांनी, सर."

त्यांनी खिडकीतून हात काढून माझ्या खांद्यावर थोपटलं. हाताला मोटारीचं काळं ग्रीस होतं. "म्हंजी नव्वदच्या आत हाय अजून," ते म्हणाले.

गाडी सुटली. शर्टावर काळा पंजा घेऊन मी तिथेच मान डोलवत उभा राहिलो.